पट्ट्यावरची कच्ची टीप

माझ्या हातून वस्तू टाकवत नाही. हा गुण की खोड, यावर आमच्या घरात लग्नापासून वाद आहे आणि तो मिटायची कोणालाच घाई नाही. मी गाड्यांच्या सीटा शिवते. टॅक्सीच्या, टेम्पोच्या, स्कूटरच्या, एकदा तर दंतवैद्याची खुर्चीसुद्धा शिवली. गल्लीत मला सीटवाली काकू म्हणतात. उसवलेलं, दबलेलं, मांजराने ओरबाडलेलं माझ्याकडे येतं आणि ताठ मानेने परत जातं. त्यामुळे लेकीला मूल झालं तेव्हा मी जाहीरच करून टाकलं, की बाळासाठी नवं काही आणायचं नाही. बाळं काय, चार महिन्यांत प्रत्येक वस्तूतून बाहेर पडतात. वस्तू बिचाऱ्या माळ्यावर पडून राहतात.

आणि मी करून दाखवलं. भंगारवाल्याकडच्या बाबागाडीच्या चाकांत कोणाकोणाच्या केसांचे गुंते अडकले होते, ते सुईने उपसून काढले, आसांवर मेणबत्ती घासली, गंजावर लिंबू आणि मीठ चोळलं. गाडी अशी पळायला लागली, की उतारावर धरून ठेवावी लागे. जेवायच्या उंच खुर्चीला टॅक्सीच्या उरलेल्या रेक्झिनचं कव्हर घातलं, एका फडक्यात सगळं पुसलं जातं. जुन्या रेनकोटाच्या, लंगोट बदलताना खाली घालायच्या घड्या केल्या, पडून असलेला पाळणा रंगवून नवा केला. आमचे हे तीस वर्षं बस चालवत होते. त्यांच्या नोकरीतल्या शर्टांची लाळेरी शिवली, आणि शर्टाचा खिसा खालच्या बाजूला तसाच ठेवला. बाळ जे सांडतं ते खिशात. लेक हसून हसून लोटपोट झाली. नऊ महिन्यांचा आमचा गब्बू आजोबांचा खिसा गळ्यात बांधून भात खातो, ते बघायला शेजारणी येत.

जावई हसले नाहीत. ते वाईट नाहीत, हे आधीच सांगते. विमा कंपनीत आहेत. आपटलेल्या गाड्या बघायला जातात, फोटो काढतात, कागदावर खुणा करतात. पण घरीही तसंच बघतात. मी उंच खुर्ची नेऊन दिली तर आधी ती उलटी करून चारही पाय हलवून पाहिले. मनातल्या मनात मी त्यांना तपासनीस म्हणते. तोंडावर म्हणायची सोय नाही.

मग त्यांची बदली झाली. आठ तासांच्या वाटेवरचं गाव. सामान ट्रकने पुढे जाणार, ही तिघं आपल्या गाडीने. गब्बूला गाडीत बसवायला पट्ट्यांची छोटी सीट हवी. जावई नवी घेणार होते. मी म्हटलं, "कशाला? शेजारच्या मास्तरीणबाईंच्या माळ्यावर एक पडून आहे. भाच्यासाठी आणली होती, सहा महिनेच वापरली."

तपासनिसांनी तीन प्रश्न विचारले. फार जुनी नाही ना, आपटलेल्या गाडीतली नाही ना, पट्टे मूळचे आहेत ना. मी तिन्हींना हो म्हटलं. पहिली दोन उत्तरं मास्तरीणबाईंना विचारून दिली होती. तिसरं असंच, तोंडाला आलं म्हणून. सीटचं कव्हर मी अजून काढलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काढलं. आकाशी रंगाचे छान पट्टे, फक्त उजव्या खांद्याचा पाठीमागे वळतो तिथे उंदराने कुरतडलेला. दोन बोटं रुंदीचा तुकडा गेलेला होता. तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं. एक वाक्य तर होतं. पण एकदा हो म्हटलेलं मागे घ्यायला माझी जीभ जड होते, आणि या माणसापुढे तर फारच. मी खराब भाग कापला, माझ्याकडच्या पट्ट्याचा तुकडा जोडायचं ठरवलं. जोड देणारच होते मी, तो माझा धंदाच आहे.

आता एक धंद्यातली गोष्ट. जिथे वजन यायचं तिथे नायलॉनचा दोरा लागतो. सुती दोरा शोभेला. माझ्याकडे नायलॉन फक्त काळा होता, आणि आकाशी पट्ट्यावर काळी टीप लांबून दिसली असती. तपासनिसांना तर नक्कीच. म्हणून मी दोरेवाल्याला आकाशी नायलॉन आणायला सांगितला. तो म्हणाला चार दिवस. तोवर लांबी बरोबर बसते का बघायला मी आकाशी सुती दोऱ्याने कच्ची टीप मारून ठेवली. रंग इतका बेमालूम जुळला, की मी स्वतःवरच खूश झाले. मग कव्हर धुवून, वाळवून चढवलं. दोरा आला की कव्हर काढून पक्की टीप मारायची, असं ठरवलं होतं.

मधे दोन टॅक्सीवाले एकदम आले. मधे ट्रक एक दिवस आधी मिळाला. मधे लेकीचं रडू, भांड्यांची खोकी, दूधवाल्याला नाही सांगणं. सीट नीटनेटकी, धुतलेली, कव्हर घातलेली कोपऱ्यात बसून होती. तिच्याकडे बघून काही काम राहिलंय असं कोणालाही वाटलं नसतं. मलाही वाटलं नाही.

ती तिघं सकाळी आठला गेली. नऊला मी दुकान उघडलं, आणि सव्वानऊला दोरेवाला आला. काउंटरवर रीळ ठेवून म्हणाला, "काकू, तुमचा आकाशी. दोन बाजार फिरलो यासाठी. एवढं काय शिवायचंय?"

मी रीळ हातात घेतलं. काय शिवायचंय ते माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. पक्की टीप मारायचीच राहिली होती. मी त्याला बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही. तो दोनदा म्हणाला, "काकू, रंग चुकला का?"

तो जाताच फोन लावला. लेकीने लगेच उचलला. मागून गाडीचा आवाज, गब्बूचं काहीतरी बडबडणं.

"काय गं आई? तासाभरात आठवण आली?"

"गब्बू कसा आहे?"

"मजेत. पाय नाचवतोय. सीट एकदम मस्त बसलीय हो, हेसुद्धा म्हणाले."

हेसुद्धा म्हणाले. मी रिळावरचा दोरा नखाने सोडत होते, गुंडाळत होते. सांग, आत्ता सांग, असं मनात चाललं होतं आणि तोंडातून आलं, "सावकाश चालवा म्हणावं. घाई करू नका."

"स्पीकरवर आहे आई. ऐकलं त्यांनी."

"बरं," म्हणून मी फोन ठेवला. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. चार शब्द होते. जावई ऐकताहेत म्हणून मी ते गिळले. नातवापेक्षा मला माझं नाक मोठं झालं.

मग मी स्वतःची समजूत घालायला लागले. कच्ची टीप असली तरी मी दोनदा फिरवली होती. की एकदाच? सुती दोराही काही अगदीच लेचापेचा नसतो. सरळ रस्ता, चांगला चालवणारा माणूस, काय होणार आहे? मी दुकानात इकडून तिकडे फिरत होते. कात्री उचलत होते, ठेवत होते. टॅक्सीवाला सीट न्यायला आला, त्याला म्हटलं उद्या ये. तो म्हणाला काल पण उद्याच म्हणाला होतात. खरं होतं.

शेवटी मी तोच सुती दोरा मशीनला लावला, पट्ट्याचे दोन तुकडे घेतले आणि तशीच टीप मारली. एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसऱ्याचा फास करून त्यात पाय घातला आणि भार दिला. टीप टर्रकन उसवली आणि मी फरशीवर बसले. माकडहाड असं सणकलं की डोळ्यांत पाणी आलं. सगळं पाणी माकडहाडाचं नव्हतं.

त्याच वेळी हे डबा घेऊन आले. दारात मी खाली बसलेली, पायात पट्टा.

"अगं, हे काय चाललंय?"

मी सांगितलं. सगळं, उंदरापासून. बोलताना मी त्यांच्याकडे न बघता डब्याच्या झाकणाकडे बघत होते. हे रागावणारे गृहस्थ नाहीत. मी घरात आवाज चढवते, हे वर्तमानपत्र तोंडासमोर चढवतात. पण यावेळी त्यांनी डबा खाली ठेवला आणि माझ्या पायातला पट्टा सोडवला.

"ब्रेक दाबला ना," ते म्हणाले, "की सगळं पुढे जातं. मी मोठी माणसं सीटवरून उडालेली पाहिलीत. तो तर एवढासा आहे."

"मला माहीत नाही का?"

"माहीत आहे तर फोन का ठेवलास?"

मी पुन्हा फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. जावयांचा लावला. तोही बाहेर. ह्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तो सगळा रस्ता त्यांच्या हाताखालून गेलेला. म्हणाले, "आता डोंगराच्या वळणात असतील. तिथे रेंज मिळत नाही. चाळीस मिनिटं. उतार संपला की पंप लागतो, तिथे मिळेल."

"वळणं फार आहेत?"

ते पुन्हा घड्याळाकडे बघायला लागले. म्हणजे फार होती.

त्या चाळीस मिनिटांचं काय सांगू. मी दर दोन मिनिटांनी फोन लावत होते आणि ती बाई दर वेळी तितक्याच गोड आवाजात सांगत होती की नंतर प्रयत्न करा. तिच्या घरी नातू नसावा. मी उठत होते, बसत होते, रस्त्यावर जाऊन येत होते. समोरून एक टेम्पो कचकन थांबला तर मी धावत गेले, आणि टेम्पोत होती रिकामी पिंपं. देवाला काय सांगायचं तेही सुचेना. माझं काम लपू दे असं परवा मागितलं होतं, आता उघडं पडू दे म्हणून मागत होते, त्यालाही काही वाटत असेल. एकदा वाटलं, गब्बू झोपला असेल, मान त्या उजव्या पट्ट्यावर कलली असेल. मग तेच दिसत राहिलं. हे घड्याळाखाली उभे राहून पुटपुटत होते, "आता मोठं वळण. आता नाला. आता उतार."

लागला. जावयांनीच उचलला.

"आई? काय झालं? अकरा मिस्ड कॉल दिसताहेत."

"गाडी थांबवा," मी म्हटलं. "उजव्या खांद्याचा पट्टा पाठीमागे जोडलेला आहे. उंदराने कुरतडला होता. मी तुम्हाला मूळचा आहे म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. आणि जोड कच्चा आहे. नुसत्या सुती दोऱ्याचा. पक्का करायचा राहून गेला. गाडी थांबवा हो."

मग इंडिकेटरची टकटक ऐकू आली. टकटक, टकटक, आणि मग इंजिन बंद झालं.

"थांबलोय," ते म्हणाले. "पंपावर आहे." एवढंच. मागून लेक विचारत होती काय झालं, काय झालं, आणि ते तिला सांगत होते, हळू, एकेक शब्द. मी ते सगळं ऐकलं. फोन बंद करता आला असता, पण मी केला नाही.

"मी येते," मी म्हटलं. "दोरा घेऊन येते. हाताने शिवून देते. अर्ध्या तासाचं काम आहे."

"बरं," जावई म्हणाले.

बसला तीन तास लागले. मांडीवरच्या पिशवीत रीळ, जाड शिवणाची आरी, मोठी कात्री. ह्यांचा जुना सहकारी चालवत होता, त्याने पुढे बसवलं आणि काय विशेष म्हणून विचारलं. हे म्हणाले, "नातवाला भेटायला." तो म्हणाला, "सकाळीच गेले ना?" प्रत्येक वळणावर मी पुढचा दांडा घट्ट धरत होते. इथून ते गेले, इथूनही गेले, इथूनही.

पंपाच्या मागे एक चहाचं ठिकाण होतं, चार बाकं आणि एक झाड. लेक बाकावर, गब्बू तिच्या मांडीवर पाव चोखत. मला बघून त्याने दोन्ही हात वर केले. लेकीचे डोळे सुजले होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

जावयांनी सीट गाडीतून काढून बाकावर ठेवली होती. कव्हर काढलं नव्हतं. "तुम्ही दाखवा," म्हणाले.

मी कव्हर काढलं. जोड दाखवला. इतका सुबक होता, की त्यांना दोनदा बोट ठेवून दाखवावा लागला. मग मी पट्टा दोन्ही हातांत धरून ओढला. पहिल्यांदा धरून राहिला. दुसऱ्यांदा जुना कागद फाटावा तसा सुटला. तुकडा माझ्या एका हातात, पट्टा दुसऱ्या हातात. जावयांनी मान दुसरीकडे वळवली. रोज मोडलेल्या गाड्या बघणारा माणूस, पण त्याने मान वळवली. मग मला कळलं की खुर्च्या उलट्या करून बघण्याचा त्यांना काही शौक नाही. त्यांनी काय काय पाहिलेलं असतं, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.

लेक थकल्या आवाजात म्हणाली, "शिव ना मग आई. दोरा आणलायस ना? अजून पाच तास जायचंय आम्हाला."

एवढं होऊनही ती मला शिव म्हणत होती. मी आरीत दोरा ओवला. हात अगदी स्थिर होते, कामाला लागले की ते स्थिरच होतात. नायलॉनची चौकट घातली असती, आत फुली मारली असती, त्यावर पैलवान लोंबकळला असता तरी सुटली नसती. हे मला नक्की माहीत होतं. पण त्या पट्ट्यावर उंदीर आणखी कुठे कुठे फिरला होता, माळ्यावरच्या उकाड्याने तो किती खाल्ला होता, मी धुताना काय काय चोळलं होतं, ते मला माहीत नव्हतं. माहीत नसताना हो म्हणायची चूक मी एकदा केली होती.

मी आरी खाली ठेवली. कात्री घेतली आणि उजवा पट्टा मुळापासून कापला. मग डावा. मग मधला. कात्री कचाकच चालली.

"अगं आई, काय करतेस?"

"कापते. नाहीतर मी ही घरी नेईन आणि पुन्हा शिवीन. आणि कोणालातरी देईन. मला मी ओळखते."

हे म्हणाले, "गाव पंधरा मिनिटांवर आहे. मोठं दुकान आहे तिथे. मी बसतो हिच्यापाशी, तुम्ही नवी घेऊन या." जावयांनी किल्ली घेतली. जाताना थांबले, माझ्याकडे वळले. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "फोन केलात, ते बरं केलंत." आवाजात राग होताच, तो त्यांनी लपवला नाही. मला तो पचवायला सोपा गेला.

ते गेल्यावर हे चहा सांगायला उठले. गब्बू माझ्याकडे आला आणि माझी नथणी ओढायला लागला. लेक त्याच्याकडे बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "आई, उंच खुर्ची?"

"काय?"

"उंच खुर्ची. तिच्यात काही आहे का, जे तू सांगितलं नाहीस?"

मला लागलं. पण हा प्रश्न तिचा हक्कच होता, आणि उत्तर देणं माझं काम. मी नीट आठवून सांगितलं. "खुर्ची पक्की आहे. फक्त कव्हर माझं."

"बाबागाडी?"

"ब्रेक डावीकडचा थोडा उशिरा लागतो. उतारावर हात सोडू नकोस."

"पाळणा?"

मी गब्बूच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. पाळणा ट्रकमधून पुढे गेला होता. आज रात्री तो त्यातच झोपणार होता.

"तळाची एक फळी तडकलेली आहे," मी म्हटलं. "डाव्या बाजूची दुसरी. मी डिंक लावून, वरून पट्टी चिकटवून रंग दिलाय. दिसणार नाही तुला. हात फिरवलास तर लागेल."

लेकीने डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "म्हणजे आज त्याला त्यात ठेवायचं नाही."

"ठेवू नकोस. तुमच्याजवळ जमिनीवर गादी घाल."

"अजून काही?"

मी सगळ्या वस्तू डोळ्यांसमोर आणल्या, एकेक. लाळेरी, मोजे, घड्या, टब. "नाही," मी म्हटलं. "अजून काही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. उधारीच्या गिऱ्हाइकाकडे मी बघते तशी. खरं बोलत होते मी, आणि ते तिला पटायला वेळ लागत होता. तो वेळ मीच घालवला होता.

नवी सीट आली. जावयांनी पुस्तिका उघडून, वाचून वाचून ती गाडीत बसवली. मी मदतीला गेले नाही. गब्बूला लेकीने बसवलं, दोन्ही खांद्यांवर पट्टे ओढले, मधे खटकन लावले. दार लावायच्या आधी ती वाकली आणि तिने उजवा पट्टा धरून जोरात ओढून पाहिला. मग डावा. मग पुन्हा उजवा. ती हे करत असताना मी मागेच उभी होते, ते तिला माहीत होतं.

"ओढ अजून," मी म्हटलं. "जीव लावून ओढ."

तिने ओढला.